नगरपालिकेची गाडी

रात्री दोनला सुटते, आर्कोव्हेर्दीच्या चर्चमागून.
मी ड्रायव्हर. एडिनाल्दो माझं नाव,
पण सगळे नाल्दोच म्हणतात.
रेसिफे अडीचशे किलोमीटर.
डायलिसिसचे तिघे, मोतीबिंदूचा एक म्हातारा,
आणि थेट माझ्या मागच्या सीटवर
जिल्वानेती, मांडीवर देय्विसन.

नऊ वर्षांचा झालाय. मांडी आता पुरत नाही.
पाय माझ्या सीटच्या पाठीला टेकतात,
म्हणून आकडी येते तेव्हा तिच्याआधी मला कळतं:
पाठीत एक ठोसा, दोन, मग सलग.
मी गाडी कडेला घेतो.
कुणी कुरकुरत नाही,
ज्यांच्या मशीनची वेळ ठरलेली असते तेही.

तिच्याजवळ एक निळी फाईल असते.
पोराच्या अंगावर एकच चादर,
फाईलवर दोन पिशव्या.

आज दवाखाना नव्हता. आज तपासणी.
सरकार महिन्याला एक किमान वेतन देतं
आणि मधूनमधून बोलावून विचारतं:
अजून?
अजून चालत नाही? अजून गिळता येत नाही?
अजून तुम्ही गरीबच?
या शेवटच्याला वेगळा कागद लागतो.

माणशी वेतनाचा चौथा हिस्सा, ही रेघ.
म्हणून ती टॅपिओका विकते तीही मोजून.
बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक उभं असताना
तवा खाली उतरवते.
मी म्हटलं, कोण बघतंय एवढं?
म्हणाली, शेजारीण. तिला झोप लागत नाही.

नवरा गेला तेव्हा ती रडली नाही, असं गावात बोलतात.
खोटं आहे. रडली.
मग डोळे पुसून तारीख लिहून ठेवली,
भागाकारातला एक माणूस कमी झाला होता.

तिचे हात भरलेले, म्हणून मी आत गेलो,
कफ ओढायचं यंत्र धरून.
डॉक्टरीणबाई तरुण, सर्दीने बेजार.
हात वापरतो का?
नाही, जिल्वानेती म्हणाली. काही म्हणता काही धरत नाही.
गाडीत तीन वेळा घोकलं होतं तिने हे वाक्य,
खरंच होतं, तरी घोकलं होतं.

बाई वाकल्या छाती ऐकायला
आणि देय्विसनने त्यांच्या ओळखपत्राची फीत धरली.

चुकून लागलेला हात नव्हता तो.
धरली.
अंगठा वरून, चार बोटं खालून.

मी जिल्वानेतीकडे पाहिलं.
एवढ्या वर्षांत तिचं तोंड असं उजळलेलं मी पाहिलं नव्हतं,
आणि लगेच तिने ते मिटलंही,
दुकानाचं शटर ओढावं तसं, खाड्कन.
स्वतःच्या पोराचं पहिलं कौतुक
आणि ते पदरात लपवायचं, चोरीच्या मालासारखं.

बाईंनी एकेक बोट सोडवलं,
कपड्याला चिकटलेली गोखरं काढतात तसं, हळूच.
नाक पुसलं. टाईप करत राहिल्या.
काय लिहिलं, स्क्रीन आमच्याकडे नव्हती.
कळवू, म्हणाल्या.

परतताना काहुआरूपर्यंत ती गप्प.
म्हातारा डोळ्याला पट्टी बांधून घोरत होता.
मग मागून आवाज आला:
नाल्दो, तुझ्या किल्लीला दोरी आहे ना?

पंपावर गाडी बंद केली, दोरी दिली.
तिने ती त्याच्या तळव्यावर ठेवली.
काही नाही.
पुन्हा ठेवली. बोटांवरून ओढली, सावकाश.
डायलिसिसमधला एकजण, सेव्हेरिनो,
ज्याला उभंही राहवत नव्हतं,
सीटवरून वळून बघत बसला.

पंपावर दहा मिनिटं थांबायची परवानगी आहे.
आम्ही चाळीस थांबलो.
लॉगबुकात कारणाचा रकाना असतो.
मी लिहिलं: टायर.