दोनशे चौदावं पान

पांढऱ्या गाड्या आल्या तेव्हा
मी गोदामात खजुराच्या पाकाचे डबे मोजत होतो.
चारशे बारापर्यंत आलो होतो. मग विसरलो.

फाटक उघडायला दोन मिनिटं लागली.
त्या दोन मिनिटांची नोंद झाली.
कुलूप गंजलं होतं, त्याची नाही.

सहा जण. त्यात एक फिनलंडची बाई,
बगदादच्या थंडीतही घाम पुसणारी.
मोठ्या कढईत उतरली, कापसाच्या बोळ्यानं तळ पुसला,
बोळा काचेच्या नळीत घातला, वर तारीख लिहिली.
आमच्या एकाही लेकराचे कान
इतक्या हळुवारपणे कुणी पुसले नव्हते.

मग तिनं साठ्याची वही मागितली.
दोनशे तेरा. दोनशे पंधरा.
बोट थांबलं.
दुभाषा माझ्याकडे न बघता म्हणाला,
बाई विचारतात, चौदा कुठंय?
आठ वर्षांपूर्वीचं पान.
नाही, म्हणालो.
नाही म्हणजे नव्हतं,
की नाही म्हणजे आता नाही?

संध्याकाळी अबू रिदाच्या चहाखान्यात
माझं पान सगळ्यांनी वाटून घेतलं.
मेहुणा मुखलिस म्हणाला, येऊ देत, रोज येऊ देत.
पाहुणा आत बसलेला असताना
घराला कुणी काडी लावतं का?
हाझिम हसला. त्याचा एक पाय मागच्या युद्धात
बसऱ्याच्या वाटेवर राहिलाय.
विमानं आधी निघतात, म्हणाला, कारण मागून चालत येतं.
सापडलं तर सापडलं म्हणून,
नाही सापडलं तर लपवलं म्हणून.
मग काय, दार लावून घ्यायचं? मुखलिस चिडला.
नाही रे. उघडंच ठेव.
फक्त त्याच्या भरवशावर झोपू नकोस.

कोपऱ्यातून कुणीतरी अगदी हळू विचारलं,
आणि खरंच काही असेल तर? कुठंतरी, आपल्याला न सांगता?
तेव्हा सगळ्यांनी एकदम साखर ढवळायला घेतली
आणि अबू रिदानं रेडिओ मोठा केला.

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात.
रिकाम्या मनगटाला किती लागतात
हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

घरी नझीमा खिडक्यांना चिकटपट्टी लावत होती,
प्रत्येक काचेवर एक फुली,
चुकलेल्या गणितावर मास्तर मारतात तशी.
माझं ऐकून घेतलं, स्टुलावरून उतरली,
म्हणाली, तमादुरच्या जुन्या वह्या बघितल्यास?

त्या वर्षी शहरात कागद नव्हता.
पेन्सिलीचे तुकडे बहिणी-बहिणी वाटून घेत.
मीच फाडलं असणार.
ट्रंकेच्या तळाशी मिळालं:
एका बाजूला छत्तीस डबे, आवक, माझी सही.
दुसऱ्या बाजूला साताचा पाढा, सात नव्वे चौसष्ट,
आणि तीन पायांची कोंबडी.

सकाळी त्यांच्या हॉटेलबाहेर तीन तास उभा राहिलो.
बाई आली. पान उजेडात धरलं, उलटं केलं,
कोंबडीपाशी थोडी रेंगाळली.
मग पिशवीत घालून पिशवी बंद केली.
मला पावती मिळाली.
तमादुर म्हणाली, कोंबडी परत कधी देणार?
आता सतरा वर्षांची आहे ती. थट्टा करत होती, बहुतेक.

मार्चमध्ये एका पहाटे मुखलिस गच्चीवरून
विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या मोजत होता.
सगळ्या गेल्या? मी खालून विचारलं.
एक राहिलीय, तो ओरडला, कोपऱ्यावर, टायर बसलाय!
म्हणजे येतील ना, तिच्यासाठी तरी?

माझ्या दातांत चिकटपट्टीचं टोक होतं.
नझीमानं दुसरं टोक ओढून धरलं होतं.
मी काहीच बोललो नाही.