पाचवा खर्डा

तावेतचा पहिला खर्डा आला तेव्हा त्यात समुद्र होता
आणि समुद्राला सात विशेषणं.
सहा खोडली. सातवं, 'राखाडी', राहू दिलं;
हिऊमा बेटावर नोव्हेंबरात
तेवढंच खरं असतं.

दुसऱ्यात बाप आला. इंद्रेक.
गोठलेल्या समुद्रावरून पलीकडे रस्ता निघतो,
त्याची जाडी मोजणारा माणूस,
पहाटे चारला गिरमिट खांद्यावर टाकून.
'बावीस सेंटिमीटर भरले की गाड्या सोडतात.'
मी समासात लिहिलं: छान. पण तू कुठे आहेस?

तिसऱ्या खर्ड्याला धुरी दिलेल्या माशाचा वास होता.
त्यात नियम होते.
बर्फावर पट्टा बांधायचा नाही.
थांबायचं नाही.
एकतर अगदी हळू, नाहीतर भरधाव;
मधल्या वेगाने खालचं पाणी हिंदकळतं,
वरचा बर्फ तडकतो.
आणि मग, जाता जाता, अकराव्या ओळीत:
'आई गेली त्या दिवशी रस्ता चोवीस होता.
बाबांनीच मोजला होता.'

चौथ्यात ही ओळ नव्हती.
तिच्या जागी सूर्यास्त. बरा होता तसा.

शाळा सुटल्यावर थांबवलं त्याला.
फळ्यावर अर्धी पुसलेली क्रियापदं.
ती ओळ कुठे गेली रे?
हातमोज्याचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत
तो म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं ना,
निबंधाला जड होईल ते उतरवून ठेवा."

सांगितलं होतं.
दरवर्षी सांगते.
एकोणीस वर्षं तेच वाक्य,
एकदाही खर्डा न केलेलं.

पाचवा सोमवारी मिळाला, चार घड्या घातलेला.
समुद्र गेला होता, सूर्यास्त गेला होता,
'राखाडी' त्याने स्वतःच खोडलं होतं,
इतकं दाबून की कागद फाटला.
नियम होते. गिरमिट होतं.
आणि पानाच्या तळाशी, बरीच कोरी जागा सोडून:
'आई गेली त्या दिवशी रस्ता चोवीस होता.
बाबांनी दोनदा मोजला होता.'

दोनदा.
हा शब्द आधीच्या कुठल्याच खर्ड्यात नव्हता.

वरती एक स्वल्पविराम चुकला होता.
लाल पेन्सिल तिथपर्यंत नेली,
थोडा वेळ तशीच धरून बसले.
बाहेर उणे सहा.
रस्ता उघडायला अजून आठवडा तरी लागेल,
असं दुकानात कोणीतरी म्हणत होतं.