अंगी लागणं

दर मंगळवारी मी बाटल्या बाहेर काढते.
सदतीस अंश, खारं पाणी, झाकणावर तारीख,
तळाशी एक पांढुरका स्क्रू,
साबुदाण्यासारखा अर्धपारदर्शक.
टिपायचा, वाळवायचा, वजन.
टिपायचा, वाळवायचा, वजन.
कित्येक महिने काट्याला काहीच कळत नाही.
आधी ताकद जाते, आतल्या आत,
वजनाला पत्ता लागू न देता.
मग एका मंगळवारी चिमट्यात धरावा
तर बिस्किटासारखा तुटतो.
मी वहीत लिहिते: तुटला.

असाच एक माझ्या भाचीच्या घोट्यात बसवला.
हिल्ला, वय अकरा, ताम्पेरेच्या गोठलेल्या तळ्यावर पडली,
हॉकीची काठी सोडली नाही म्हणे.
एक्सरेत स्क्रू दिसेना.
तिची आई हबकली: बसवायचा राहिला की काय?
डॉक्टर लेहतोवारा म्हणाल्या,
हा दिसत नसतो. ह्याचं भोक दिसतं.

सहा महिन्यांनी भोक. वर्षानं भोक.
चौथ्या वर्षी नुसती एक पुसट जागा,
पेन्सिलीचं गिरवून खोडावं तशी.
पुन्हा टेबलावर झोपवणं नाही, पान्हा-पकड नाही.
पाण्यानं साखळीची एकेक कडी सोडवली,
उरलं ते आंबट, दह्यातलं असतं तेच,
ते शरीरानं जाळलं, उच्छ्वासात सोडून दिलं.
खाल्लेलं अंगी लागत नाही हिच्या,
अशी हिच्या आईची जन्माची तक्रार.
स्क्रू मात्र लागला.

आणि ही माझी बाग.
त्याच कुळातला एक दह्याचा कप,
वर हिरव्या अक्षरांत: मातीत विरतो.
मी भाबडी, बटाट्यांच्या वाफ्याशेजारी पुरला.
चार उन्हाळ्यांनी काल फावड्याला लागला.
धुतला. तारीख अजून वाचता येते.

कुंपणापलीकडून ओस्मो हसला,
तुमच्याच घराण्यातला ना हा?
आमच्यातलाच, म्हटलं, पण ह्याला ऊब लागते.
नगरपालिकेच्या मोठ्या ढिगात असते तशी, साठ अंश,
पहाटेसुद्धा वाफाळणारी.
इथली जमीन पाच महिने दगड.
ओस्मो म्हणाला, हे कपावर लिहायला हवं होतं.
जागा होती. मी पाहिलं,
गाईच्या चित्राखाली पुष्कळ जागा होती.

आज मंगळवार. कप पिशवीतून प्रयोगशाळेत नेला,
काट्यावर ठेवला, आकडा स्थिर होऊ दिला.
अकरा पूर्णांक दोन.
आणि वही उघडल्यावर ध्यानात आलं,
पुरण्याआधी
मी वजनच केलं नव्हतं.