कुठल्या टोकानं

एकतीस वर्षं मी त्या चांदीच्या गाडीपाशी उभा राहिलो.
जेवणाच्या लांब टेबलावरची, हातभर रुळांवरची ती आगगाडी.
दिवसातून साठ वेळा सांगायचो:
या डब्यातून ब्रँडी यायची, या डब्यातून सिगार.
लोक गाडीचा फोटो काढायचे.
सिगारबद्दल कुणी काही विचारायचं नाही.
बरंच होतं ते.

भादुडी नावाचे एक रिटायर्ड इंजिनियर आले,
इटारसीच्या यार्डात हात काळे केलेले.
गाडीकडे कमी, माझ्याकडे जास्त बघत म्हणाले,
तुम्ही ओढलाय का कधी?
मी हसलो. गणवेशातलं हसू, त्याला उत्तर द्यावं लागत नाही.

महिन्यानं टपालानं लाकडी डबी आली. आत एकच.
चिठ्ठीत दोन शब्द: घाई नको.

मे महिना होता. ग्वाल्हेरात मेमध्ये
पापड सावलीतही वाळतात.
कुमुद म्हणाली, पानच ना ते? मग पानासारखं ठेवा.
ओल्या फडक्यात नाही, फडक्याशेजारी.
विड्याच्या डब्यात कात सरकवून तिनं जागा केली.
त्यावर मी एवढंच म्हणालो, बरं.

दौलतगंजच्या कोपऱ्यावर छुट्टनला विचारलं,
कुठल्या टोकानं रे?
तो म्हणाला, बाबूजी, बीडी होती तो बता देता.

मग गच्ची. समोर किल्ल्याचा काळा दगड,
त्याच्यावर थोडे दिवे.
गोल टोक तोंडात धरायचं, तेच कापायचं,
इथवर मी अंदाजानं आलो.
किती कापायचं?
अडकित्त्यानं सुपारीची पहिली कपची काढतो, तेवढंच.
कागदाची अंगठी काढायची की ठेवायची?
गरम झाली की तिचा डिंक आपोआप सुटतो, हे नंतर कळलं.
आधी ओढली की पान फाटतं, हे त्याच्या आधी.

काडी लावली.
कुमुद जिन्यात उभी होती. म्हणाली,
गंधक जळून जाऊ दे आधी.
आणि ज्योत लावू नका, दाखवा. फिरवा.
पापड भाजताना बघितलं नाही का कधी?

पहिला झुरका मी गिळला.
असा खोकलो की शेजारच्या लोखंड्यांकडे दिवा लागला.

गिळायचं नसतं, ती म्हणाली.
तुला काय माहीत?
आईची मिश्री, ती म्हणाली. तेराव्या वर्षापासून.
आणि लग्नानंतर?
ती किल्ल्याकडे बघत राहिली,
जणू हे तिथल्या कुणाला विचारलंय.
मग हात पुढे केला.

तिनं धूर तोंडात असा ठेवला,
जसं भाताच्या शिताला बोट लावून बघतात, शिजलाय का.
आणि सोडला. खोकला नाही, घाई नाही.
भादुडींची चिठ्ठी तिनं वाचलेली नव्हती.

राख वाढली. मी झटकणार होतो.
राहू दे, पडायची तेव्हा पडेल.
पडली, माझ्या धोतरावर.
मग तो विझला.
पुन्हा पेटवला तर चालतं का गं?
चुलीला असं विचारतं का कुणी?

किती वेळ लागतो एका सिगारला?
आम्हाला सव्वा तास लागला, अर्ध्यालाच.
तेवढ्यात ती एकदाच बोलली:
पहिला मुलगा पोटात होता तेव्हा
मिश्रीची डबी तिनं परसातल्या विहिरीत टाकली.
पितळेची होती.
तंबाखूपेक्षा डबीचं जास्त वाईट वाटलं.
त्या विहिरीचं पाणी मी बावीस वर्षं प्यायलो आहे.

उरलेला अर्धा बशीवर ठेवला.
सकाळी घराला ओल्या गोणपाटाचा वास.
सूनबाईंनी खिडक्या उघडल्या, विचारलं काही नाही.

कामाचे अकरा दिवस उरलेले.
गाडीपाशी उभा राहिलो. या डब्यातून ब्रँडी,
या डब्यातून सिगार, म्हटलं, आणि अडखळलो.
रेलिंगला लटकलेल्या एका पोरानं विचारलं,
मग एवढा धूर जायचा कुठून?

मी वर बघितलं, छताकडे.
घरी विचारून उद्या सांगतो,
असं अगदी ओठांवर आलं होतं.