दोन ते आठ

नाशिकच्या भांडारातून निघतो तेव्हा पिशवीत
मल्टिमीटर, दोन थर्मोस्टॅट, तांब्याची नळी,
आणि सावळ घाटातच संपणारी भाकर.
पदनाम मोठं आहे: शीतसाखळी तंत्रज्ञ.
लोक म्हणतात, फ्रिजवाला आला.

बरोबरच म्हणतात.
मी कुणाला सुई टोचत नाही,
कुणाच्या छातीला नळी लावत नाही.
माझ्या ताब्यात फक्त सहा अंश.
दोनच्या वर, आठच्या खाली.
एवढ्या अरुंद बोळातून
तालुक्यातली सगळी पोरं पार व्हायची असतात.

वह्या तपासणं हेही माझ्याकडेच.
सकाळचं तापमान, संध्याकाळचं तापमान, सही.
बहुतेक ठिकाणी चार. चार. चार. चार.
एका पेनाने, एका बैठकीत.
भर मे महिन्यात चार,
रोहित्र जळालं त्या आठवड्यातही चार.
खाली माझी सही. अकरा वर्षं.

करंजदरीच्या केंद्रात मी पोचलो तेव्हा पौष होता.
तक्रार जुलैची.
फ्रिजवर रांगोळीचा डबा, मतदार याद्या, कुणाची तरी छत्री.
वही चाळता चाळता बोट अडलं.
पाच. साडेसहा. तीन. सात.
मग लाल शाईत: अकरा.
दुसऱ्या दिवशी: तेरा.
आणि शेजारी, रकान्याबाहेर ओघळलेलं अक्षर:
लाइट परवापासून नाही. फरशीवर पाणी,
बर्फाला गेलेला सोनू माघारी आला.
कुप्यांवरचा चौकोन काळा पडला. चौदा बाद केल्या.
आज सत्र नाही. बाया तीन तास बसून गेल्या.
पुष्पलता भोये.

त्याच पानाला टाचणीने लावलेला
कारणे दाखवा.
चौदा कुप्या वाया का गेल्या, तीन दिवसांत खुलासा करावा.

बाई कुठे आहेत?
शिपाई म्हणाला, द्राक्षांत.
म्हणजे दिंडोरीकडे, बागांच्या तारांखाली,
जिथे आपल्या पाड्यांवरच्या बायका
कडेवर पोर आणि डोक्यावर भांडी घेऊन उतरतात
आणि लसीचं कार्ड घरी आढ्याला खोचलेलंच राहतं.
ती हद्द तिची नाही. पोरं तिची आहेत.

दिवेलागणीला आली. खांद्यावर निळा डबा,
पट्ट्याच्या जागी साडीचा काठ शिवलेला.
सहा महिने लस शेजारच्या केंद्रातून,
बर्फ पेठहून, वाट पायाखालून.

मी विचारलं, तेरा कशाला लिहिलं, बाई?
ती डबा उतरवत म्हणाली,
तेरा होतं म्हणून.

थोडं थांबून,
चार लिहिलं असतं तर तुम्ही आला असता का?

तेरा लिहूनही मी सहा महिन्यांनी आलो होतो.
हे ती बोलली नाही.
चहा दिला. गवती चहा टाकलेला.

बिघाड म्हणाल तर एक फ्यूज
आणि स्टॅबिलायझरच्या पोटात पालीची अंडी.
पंचवीस मिनिटांचं काम.
फ्रिज घुरघुरला तशी ती भिंतीला टेकून उभी राहिली,
बाळंतिणीच्या खोलीबाहेर
रडण्याचा आवाज ऐकू आल्यावर राहतात तशी.

दुसऱ्या दिवशी पुढचं केंद्र.
नवी इमारत, फरशीत तोंड दिसेल अशी.
फार्मासिस्टने वही पुढे केली.
चार. चार. चार.
सहीसाठी बोट ठेवून दाखवलं, इथं.

मी माझा थर्मामीटर आत ठेवला
आणि बाकावर बसलो.
बाहेर एक आजोबा खोकत होते,
एक पोरगी वजनकाट्यावर पुन्हा पुन्हा चढत होती.
अर्धा तास.
नऊ.

नऊ लिहा, म्हणालो.
तो माझ्याकडे बघत राहिला.
पेन त्याचंच होतं.
टोपण मी काढून दिलं.