पातळी

एकतीस वर्षं मी नदीची उंची मोजली.
दौंडच्या अलीकडे, पुलाच्या तिसऱ्या खांबावर
पाटबंधाऱ्याने रंगवलेली काळी-पांढरी पट्टी.
सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा.
पुरात दर तासाला, डोक्यावर पोतं, हातात बॅटरी.
वहीत पाण्याला रकाना होता.
वाळूला नव्हता.

पण वाळूही चालते.
पाणी तांबडं झालं की रात्री
कठड्याच्या दगडाला कान लावायचो,
खालून सूप पाखडल्यासारखा आवाज.
भीमा आपलं अंथरूण उचलून
चार हात पुढे टाकायची
आणि मागून, खेडाकडून, तेवढंच नवं यायचं.
वर धरणं झाली, मागून येणं आटलं.
तरी होतं ते पुष्कळ होतं.

उन्हाळ्यात हौसाबाई मल्लाव पात्रात टरबुजं लावायची.
हातभर उकरलं की झिरा.
करवंटीने हंडा भरायची, मला ओंजळभर द्यायची,
म्हणायची, थांब जरा, गाळून येतंय.

मग बोटी आल्या.
रात्रभर सक्शनची घरघर,
पहाटे दिवे विझवून जाणारे हायवा.
ते ब्रासमध्ये मोजायचे, मी सेंटिमीटरमध्ये.
एका मार्चमध्ये पट्टीचा शून्य उघडा पडला.
वर कळवलं : पाणी शून्याच्या खाली.
उत्तर आलं : उणे आकडा तक्त्यात बसत नाही,
शून्य लिहावे.
लिहिलं.
चार उन्हाळे शून्य लिहिलं,
आणि खांबाचा पाया
हिरडी सुटलेल्या दातासारखा लांब होत गेला.

एकदा तलाठी आले, मागे पोलिसांची गाडी.
जिलेटिनने बोट उडवली, पंचनामा, फोटो.
तीन आठवड्यांत नवी बोट. रंगसुद्धा तोच.

मला फोन यायचे.
‘रीडर, उद्या वरून किती सोडणार?’
मी सांगायचो. आधी चहावर,
पुढे चहाहून जास्तीवर.
धाकट्याने हायवा घेतला, खेपा केल्या,
वाघोलीत फ्लॅट बुक केला.
हे कुठल्या रकान्यात घालू?

हौसाबाईचा नातू चैत्रात म्हशी घेऊन
रोजच्या उतारावर उतरला.
मांडीभर पाण्याची जागा. गेल्या वर्षीपर्यंत.
म्हशी पोहून निघाल्या.
त्या दिवशीची दुपारी बाराची नोंद
माझ्याच अक्षरात आहे :
शून्य.
हौसाबाईने मला काही विचारलं नाही.
पट्टीकडे बघत राहिली बराच वेळ,
तिला आकडे वाचता येत नाहीत.

आता मी वाघोलीत, अकराव्या मजल्यावर.
टँकर आला तर चारला पाणी, नाही तर नाही.
गॅलरीच्या भिंतीने पोपडे धरलेत,
सून म्हणते, बाबा, खरवडू नका, आणखी पडेल.
काल एका पोपड्याखाली शिंपला निघाला,
नखाएवढा, आतून निळसर.
बिल्डरने तर क्रश सँड सांगितली होती.
नात म्हणाली, आबा, हा कुठल्या समुद्रातला?
मी म्हणालो, टरबुजाच्या वाडीतला.
तिला वाटलं, थट्टा करतोय.

रात्री भिंतीला कान लावून पाहिला.
लिफ्ट.
कुणाच्या तरी घरी मिक्सर.
पुन्हा लिफ्ट.

सकाळी आठला सवयीने उठलो,
जुन्या वहीत पानं उरली होती.
ठिकाण : वाघोली.
पातळी : अकरावा मजला.
शेऱ्यात काय लिहावं सुचेना,
म्हणून तिथे शिंपला ठेवला.

वही मिटत नाहीये.