सातवी खुर्ची

जाजू शेठच्या जिनिंगला लागून मालती टॉकीज.
तिकिटालासुद्धा सरकीचा वास.
तापलेली टिनं रात्री थंड होताना कडकडायची,
गाव म्हणायचं, मालती चालते वर.
मालती म्हणजे शेठची पोरगी,
मेली तेव्हा तिला चालताही येत नव्हतं.

दुसरं भूत ऑपरेटरचं.
रीळ पेटली तेव्हा म्हणे दाराला बाहेरून कडी होती.
रज्जाकचाचा हसायचे,
"अबे, मीच होतो त्या खोलीत, हे पाय,"
आणि बाही सारून
कोपरापर्यंतचं चकाकतं कातडं दाखवायचे.
पोरं तरीही त्या दारापुढून पळत जायची.

तिसरं माझ्या बापानं केलं.

बाप बॅटरीवाला. लेडीज क्लासच्या
भिंतीकडच्या सातव्या खुर्चीवर
त्यानं कोणाला बसू दिलं नाही.
"शेवटचा शो सुटला का थ्या जागी
कोणतरी शेंगा फोडते."
आणि सकाळी खरंच टरफलं सापडायची.
कोण्या बाईनं तिथं हिरव्या बांगड्याही ठेवल्या होत्या,
लिंबू तर दर अमावस्येला.

नववीत असताना एका रात्री डबा घेऊन गेलो,
मागच्या दारानं.
बाप उंबऱ्यावर, बॅटरी विझवून.
आत, सातव्या खुर्चीत, पाय पोटाशी घेऊन
तानी झोपली होती, जिनात कापूस वेचणारी,
जिच्या खोपडीला आतून कडी नव्हती.
बाप इतकंच बोलला,
"पायलं ना? आता इसर."

आईलाही सांगितलं नाही.
त्यांचं काही होतं का, मला ठाऊक नाही.
शेंगा तोच न्यायचा, एवढं खरं.

तानी एका मे महिन्यात गेली, ऊन लागून.
टरफलं त्यानंतरही दोन वर्षं सापडली.
बापाला तेव्हा दात उरले नव्हते.

आता तिथं तुरीचं गोदाम आहे.
खुर्च्या भंगारात गेल्या, फरशीत बोल्ट तेवढे राहिले.
चौकीदार मेळघाटचा, कोवळा पोरगा. म्हणाला,
"भाऊ, त्या कोपऱ्यात थप्पी टिकत नाही.
कितीही नीट लावा, सकाळी पोती खाली."

मी भिंतीपासून बोल्ट मोजत गेलो.
पाच, सहा.
टिनं कडकडली.
खिशात बाजारातल्या शेंगा होत्या,
तिथंच उभ्यानं फोडून खाल्ल्या,
पोरगा पाणी आणायला गेला तेवढ्यात.

टरफलं उचलली नाहीत.